मामाची टेलिफोनमधली सदतीस वर्षे

शाळेत मी एकतीस वर्षे इतिहास आणि मराठी शिकवले. लॉर्ड डलहौसीचा धडा आला की फळ्यावर तीन शब्द ठरलेले असत: रेल्वे, तार आणि टपाल. मुले ते वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत "डलहौसीच्या सुधारणा" या प्रश्नाला पाच गुण मिळवत. टेलिफोन मात्र मी शिकवलेल्या कोणत्याही पुस्तकात आला नाही. तो आपोआप उगवला असावा अशी मुलांची समजूत. मला याचे नवल वाटे, कारण माझा सख्खा मामा, आईचा पाठचा भाऊ, १९५७ पासून १९९४ पर्यंत टेलिफोन खात्यात नोकरीला होता आणि आमच्या घरात डलहौसीपेक्षा टेलिफोनच्या गोष्टी जास्त होत.

आता मामाही नाही आणि त्या गोष्टी ठाऊक असणारी आमच्या घरात मी एकटीच उरले आहे. म्हणून लिहून ठेवते.

थोडे मागचे सांगते, शिक्षिकेची सवय! ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले ते मार्च १८७६ मध्ये. आपल्याकडे तो यायला सहाच वर्षे लागली. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील एक्स्चेंजे सुरू झाल्याचे जाहीर करण्यात आले. कलकत्त्याच्या पहिल्या एक्स्चेंजचे ग्राहक होते ९३. हा सगळा कारभार सुरुवातीला खाजगी कंपन्यांचा होता. मोठ्या शहरांतल्या या कंपन्या सरकारने १९४३ साली, म्हणजे दुसरे महायुद्ध चालू असताना, आपल्या ताब्यात घेतल्या. देश स्वतंत्र झाला तेव्हा सबंध भारतात एक लाखही टेलिफोन नव्हते. मामा नोकरीला लागला तेव्हा खात्याचे नाव होते पोस्ट अँड टेलिग्राफ, बोलीभाषेत "पी अँड टी". या नावात टेलिफोन कुठेच नाही हे मामा मोठ्या गमतीने सांगत असे. "पोस्टाचा पी, तारेचा टी, आणि आम्ही मधल्या 'अँड'मध्ये!"

मामा मॅट्रिक झाला १९५५ साली. घरची शेती सात-आठ माणसांना पुरेल अशी नव्हती. दोन वर्षे त्याने एका अडत दुकानात हिशेब लिहिले आणि मग टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्याची निवड झाली. पुण्याला थोडे प्रशिक्षण झाले आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्याच तालुक्याच्या गावी त्याला नेमणूक मिळाली. एक्स्चेंज म्हणजे पोस्टाच्या मागची एक खोली. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून त्याचा डबा घेऊन तिथे जात असे. आत यायला मनाई होती. दारात उभे राहून पाहायला मनाई नव्हती.

ज्यांनी जुने हाताचे एक्स्चेंज पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. भिंतीला लागून कपाटासारखा एक लाकडी बोर्ड. त्यावर प्रत्येक ग्राहकाचे एक भोक आणि त्या भोकाजवळ पितळेची एक इवलीशी झडप. ग्राहकाच्या घरी फोनला हँडल असे. ते त्याने गरगर फिरवले की वीज निर्माण होऊन तारेतून येई आणि इथे बोर्डावर त्याची झडप "टक्" करून खाली पडे. मग मामा एका दोरीची पिन त्या भोकात खुपसायचा, कळ पुढे ढकलायचा आणि म्हणायचा, "नंबर प्लीज." पलीकडचा नंबर सांगे. त्याच जोडीतल्या दुसऱ्या दोरीची पिन त्या दुसऱ्या भोकात जाई, मामा घंटी देई आणि दोन माणसे बोलू लागत. बोलणे संपल्यावर ग्राहकाने पुन्हा हँडल फिरवायचे, म्हणजे दोऱ्या काढून घेता येत. बरेच जण ते विसरत. त्यामुळे संपले की नाही हे पाहायला मामाला मधूनच कान लावावा लागे. हा कान लावण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

"नंबर प्लीज" हे खात्याचे वाक्य. गावाला नंबर कोण सांगतो? "डॉक्टरांना द्या." "सोसायटीत द्या." "आमच्या हिला द्या, घरी." मामाला सगळे पाठ. इतकेच नाही, डॉक्टर आज दवाखान्यात नसून तंबूतला सिनेमा पाहायला गेले आहेत हेही त्याला ठाऊक असे, कारण जाताना डॉक्टरच सांगून गेलेले असत. मग तो पोस्टातल्या शिपायाला सायकलवर पिटाळायचा. हे काम कोणत्याही नियमात बसत नव्हते आणि ते केल्याचा एक पैसाही कोणाला मिळत नव्हता.

मोठ्या शहरांत या कामावर बहुतेक बायका असत. त्याचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत अगदी सुरुवातीला तारऑफिसातली पोरे ऑपरेटर म्हणून बसवली होती. ती ग्राहकांशी उर्मटपणे बोलत, आपसात दंगा करत. म्हणून बोस्टनला १ सप्टेंबर १८७८ रोजी एमा नट नावाच्या तरुणीला नेमले. जगातली पहिली स्त्री ऑपरेटर ती. पुढे तिने तीस वर्षांवर हेच काम केले. आमच्या गावी मात्र रात्रपाळीमुळे सगळे पुरुषच होते. मामाचा आवाज तसा जाडाभरडा, पण बोर्डावर बसला की तो बदलत असे. घरी "काय गं ए" म्हणणारा माणूस तिथे पाचवीतल्या मुलालाही "बोला साहेब" म्हणे.

गावातल्या गावात फोन कितीसे! खरे काम ट्रंक कॉलचे. आज नातवंडांना ट्रंक कॉल म्हणजे काय हे सांगायला बसले की त्यांना ते खोटे वाटते. आधी कॉल नोंदवायचा. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला त्याच्याही कित्येक पट. ठराविक माणूसच फोनवर यायला हवा असेल तर पी. पी. कॉल, त्याचा आकार वेगळा. मग वाट पाहायची. मुंबईचा साधा कॉल सकाळी नोंदवला तर संध्याकाळी लागला तरी लोक समाधान मानत. आमच्या गावाहून साताऱ्याला, साताऱ्याहून पुण्याला, पुण्याहून मुंबईला असे एकेक ऑपरेटर पुढच्या ऑपरेटरला हाक मारत जाई. या सगळ्यांना मिळून ज्या तारा वापरायच्या त्या मोजक्या, खांबावरून जाणाऱ्या उघड्या तांब्याच्या तारा. चिनी मातीच्या पांढऱ्या कपांवर ताणलेल्या. तीन मिनिटे झाली की मामा मध्ये बोले, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" बहुतेक लोक वाढवत नसत. तीन मिनिटांत माणसे काय काय बसवीत! बाळंतीण सुखरूप आहे, मुलगा झाला, वजन इतके, तूप पाठवा, भाऊजींना सांगा. सगळे ओरडून. पलीकडे ऐकू जावे म्हणून इतके ओरडत की मामा म्हणे, "तारेची गरजच नाही, खिडकी उघडली तरी मुंबईला ऐकू जाईल."

पुण्याच्या एका ऑपरेटरशी मामाचे अकरा वर्षे रोज बोलणे होत असे. "पुणे, गुड मॉर्निंग" इतकेच. एकमेकांना पाहिलेले नव्हते. पुढे एका कार्यालयात रांगेत उभा असताना मागचा माणूस कारकुनाशी बोलला आणि मामा गर्रकन वळला. आवाजावरून ओळखले. ते गृहस्थ शेवटपर्यंत आमच्याकडच्या लग्नकार्याला येत.

१९६७ च्या डिसेंबरातली ११ तारीख माझ्या पिढीतला सातारा जिल्ह्यातला कोणीच विसरणार नाही. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. मुंबईपर्यंत धक्का जाणवला, आणि कोयनेची वीज बंद पडल्याने तिकडचे कारखाने अडले. मामाची त्या दिवशी रात्रपाळी होती. तो काही शूरवीर नव्हता. पहिला धक्का बसताच तो इतरांसारखाच उघड्या अंगणात पळाला, हे त्याने स्वतःच सांगितले. जमीन थांबल्यावर तो कंदील घेऊन आत आला. पाहतो तो बोर्डावरची झाडून सगळी झडपे खाली पडलेली! धक्क्याने पडली होती ती. आता खरोखर कोण बोलावतो आहे हे ओळखायचे कसे? त्याने एकेक झडप हाताने वर केली आणि कोणती पुन्हा पडते ते पाहत बसला. भिंतीला भेग गेली होती, धक्के अधूनमधून चालूच होते. झडपा पुन्हा पडू लागल्या. पहिली पडली ती दवाखान्याची. गावात वीज नव्हती, पण त्या जुन्या पद्धतीत प्रत्येकाच्या फोनला स्वतःचे सेल आणि स्वतःचे हँडल असल्यामुळे विजेचे काही अडले नाही. पुढे आलेल्या सुधारलेल्या यंत्रांना हे जमले नसते असे मामा म्हणे. ते कितपत खरे हे इंजिनिअर सांगतील. मामा सकाळी सहाला सुटायचा तो दुपारी दोनला घरी आला. आईने त्याला गरम पिठले-भात वाढला आणि तो ताटावरच झोपला.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले तिच्याकडे येते. ती लिहावी की नाही यावर मी बराच विचार केला. पण तिच्यातली सगळी माणसे आता गेली आहेत आणि गावाचे नावही मी घेतलेले नाही.

आमच्या गावी एक खाजगी पेढी होती. त्या काळात बँका गावोगाव नव्हत्या. असलेल्या बँकेत लुगडे नेसलेल्या बाईने जायचे म्हणजे धाडसच. पेढीवर मात्र गादीवर बसलेले शेठ ओळखीचे, व्याज बरे, पावती कच्ची का होईना मिळे. माझे वडील मी पाचवीत असताना वारले होते. आईने शिवणकाम करून, पापड लाटून ८०० रुपये साठवले होते. ते माझ्या कॉलेजसाठी. मी १९६८ साली मॅट्रिक झाले आणि त्याच जूनमध्ये साताऱ्याला कॉलेजात गेले. वसतिगृहाचे पैसे लागतील तसतसे काढायचे असे ठरले होते. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी पेढी उघडलीच नाही. शेठ रातोरात कुटुंबासह निघून गेले होते. गावातल्या कित्येकांचे पैसे गेले. आईचे ८०० रुपये त्यातच.

पुढच्याच वर्षी, जुलै १९६९ मध्ये, सरकारने १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. वर्गात तो धडा शिकवताना आईच्या पावतीचा पिवळा कागद मला दिसत असे.

माझे शिक्षण थांबणार असेच सगळ्यांनी धरले. त्या डिसेंबरात मामा आला आणि आईच्या हातावर वीस रुपये ठेवून म्हणाला, "भाचीला पाठव. दर महिन्याला देत जाईन." त्याचा पगार तेव्हा हातात दोनशेच्या आत होता, पदरात दोन मुले होती. मामीला हे पसंत होते असे नाही, पण तिने कधी बोलून दाखवले नाही. ते वीस रुपये महिन्याच्या पाच-सहा तारखेला, कधी न चुकता, येत राहिले. बाकीचे आईच्या शिवणावर आणि माझ्या फीमाफीवर भागले. १९७२ च्या मार्चमध्ये, माझी बी.ए.ची परीक्षा तोंडावर असताना, त्याने शेवटचे पैसे दिले.

मला त्यात काहीच वेगळे दिसले नाही. परीक्षा संपली, पैसे थांबले. पण आई चौथी शिकलेली असली तरी हिशेबाला पक्की. तिने बोटे मोजली. डिसेंबर ते मार्च, चाळीस महिने. चाळीस महिने वीस रुपये म्हणजे आठशे. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही.

रविवारी मामा आला तेव्हा मी घरात होते. आई चहाचे आधण ठेवत होती. तिने वळूनही न पाहता विचारले, "पेढी बुडणार हे तुला आधी कळलं होतं ना रे?"

मामा काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, बोर्डावर बसलेल्याला काही कळत नसतं."

"मग वीस रुपये कशाचे?"

"भाचीच्या शिक्षणाचे."

आईने चहा गाळला, त्याच्यापुढे ठेवला. तो पिऊन तो गेला. या विषयावर त्या दोघांचे पुढे कधी बोलणे झाल्याचे मला ठाऊक नाही. भाऊबीज चुकली नाही, जाणेयेणे तुटले नाही. पण आई कित्येक वर्षांनी एकदा मला म्हणाली, "त्यानं गावाचा शब्द राखला. बहिणीचा नाही राखला." एवढेच.

मामाने काय ऐकले होते हे त्याने मलाही कधी सांगितले नाही. शेठांचे मुंबईला ट्रंक कॉल रोजच असत. बोलणे संपले का, ऐकू नीट जाते का, तीन मिनिटे झाली का, हे पाहायला ऑपरेटरने कान लावणे हा त्याच्या कामाचाच भाग. त्या कानात गावाचे सगळेच पडे. गुळाचा कोल्हापूरचा भाव, हळदीचा सांगलीचा भाव, कोणाच्या मुलीचे स्थळ मोडले, कोणाचा मुलगा मुंबईत काय करतो. भावाच्या बातमीसाठी एका व्यापाऱ्याने त्याला दिवाळीला घड्याळ देऊ केले होते. मामाने ते परत पाठवले आणि फराळाचे ताट ठेवून घेऊन सगळ्या पाळ्यांच्या माणसांना वाटले.

कायद्याने पाहिले तर उत्तर सोपे आहे. १८८५ च्या भारतीय तार कायद्यात संदेशातला मजकूर बाहेर फोडणाऱ्या तारखात्याच्या नोकराला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितलेली होती आणि टेलिफोनही त्या कायद्यात येत असे. (२०२३ साली संसदेने नवा दूरसंचार कायदा केला.) पण मामा कैदेला भिऊन गप्प बसला असे मला वाटत नाही. गावात कोण सिद्ध करणार होते? बहिणीच्या कानात एक वाक्य, झाले. माझा विचार असा की त्याने पुढचे पाहिले असावे. आई सकाळी पावती घेऊन पेढीवर गेली असती. शेजारणीने विचारले असते, आज का गं? दुपारपर्यंत पेढीसमोर रांग लागली असती. पहिल्या पाच-दहा जणांना पैसे मिळाले असते आणि ते बाकीच्यांच्या वाट्याचे असते. आणि त्यानंतर गावातले कोणीही त्या खोलीतून जाणाऱ्या तारेवर मोकळेपणी बोलले नसते.

हे सगळे मला पटते. तरी आईचे म्हणणे खोटे होते असे मी म्हणणार नाही. ८०० रुपये परत आले हे खरे, पण ते मामीच्या संसारातून आले. आणि आईचे झाले ते नुसत्या ८०० रुपयांचे नुकसान नव्हते. पेढी बुडाल्यानंतर तिने पुन्हा कधीही कुठेही पैसे ठेवले नाहीत. माझ्या नोकरीनंतर पोस्टात खाते काढून दिले तेही तिने वापरले नाही. डब्यातच ठेवी. असो.

एक गोष्ट मात्र मला नेहमी विचित्र वाटते. ज्या यंत्राने मामाचा बोर्ड हटवला ते यंत्रच मुळी ऑपरेटरवरच्या संशयातून जन्मले. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्रोजर नावाचा गृहस्थ प्रेतांच्या अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करीत असे. त्याचा समज झाला की एक्स्चेंजमधली ऑपरेटर आपली गिऱ्हाइके मुद्दाम प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देते. ती त्या प्रतिस्पर्ध्याची बायकोच होती अशी आख्यायिका आहे. चिडून त्याने ऑपरेटरच नको असे यंत्र शोधले. पेटंट मिळाले १८९१ साली, आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्त या गावी असे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. आपल्याकडे सिमल्याला १९१३-१४ च्या सुमारास स्वयंचलित एक्स्चेंज आले. स्वातंत्र्यानंतर बंगलोरला १९४८ साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना निघाला आणि तिथे ही यंत्रे होऊ लागली. आमच्या तालुक्याला ती यायला सत्तरचे दशक उजाडले.

मी ही गोष्ट कुठेशी वाचून मामाला सांगितली होती. तो हसला नाही. म्हणाला, "त्या बाईचं म्हणणं कोणी विचारलं का?"

बोर्ड गेल्यावर मामापुढे दोन वाटा होत्या. मोठ्या गावी बदली घेऊन ट्रंक बोर्डावर बसायचे किंवा खात्याची परीक्षा देऊन टेक्निशियन व्हायचे. त्याने चाळिशीत परीक्षा दिली. इंग्रजीची अडचण होती. मी शाळेतून आले की संध्याकाळी त्याला मॅन्युअलमधली वाक्ये मराठीत सांगत असे. वाक्ये मला कळत, यंत्र कळत नसे. त्याला वाक्ये कळत नसत, पण यंत्र कळे. असे आमचे दोघांचे मिळून एक शिक्षण झाले. डायलवर पाच फिरवले की तारेतला प्रवाह पाच वेळा तुटतो, त्या सरशी यंत्रातला दांडा पाच पायऱ्या वर चढतो, पुढच्या आकड्याला तो आडवा वळून तितकी घरे सरकतो. शंभर घरांतले नेमके एक सापडते. मामा हे हाताने करून दाखवी. नव्या एक्स्चेंजमध्ये चपला बाहेर काढाव्या लागत, कारण धूळ हा त्या यंत्राचा शत्रू. आत सतत खडखड. दुपारी बाजाराच्या वेळी ती वाढे, रात्री कमी होई. आवाजावरून गावात किती फोन चालू आहेत हे त्याला कळे. काय बोलतात हे मात्र आता कळत नसे. "बरं झालं," तो एकदा म्हणाला. कशाबद्दल ते मी विचारले नाही.

पुढची वर्षे लोकांच्या शिव्या खाण्याची. एस.टी.डी.ची सोय १९६० साली कानपूर-लखनौपासून सुरू झाली होती. ती हळूहळू आमच्याकडेही आली. पण मागणी कितीतरी आणि तारा अपुऱ्या. १९९१ साली सबंध देशात फोन होते पन्नास लाखांच्या आसपास आणि वीस लाखांच्या आसपास माणसे रांगेत होती. त्यात पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरायचे, झाडाची फांदी पडायची, आणि तांब्याची तार रात्रीतून चोरीला जायची. लाइनमन लोक सकाळी खांब मोजत जात तेव्हा दोन-दोन फर्लांग तार गायब असे. लोकांना वाटे खात्याचे लोक आळशी. असतीलही काही, मी खात्याची वकिली करीत नाही. पण भर पावसात शिडीवर चढून सांधा जोडणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

१९८५ साली पोस्ट आणि टेलिफोनची फारकत झाली. त्याच्या आदल्या वर्षी सी-डॉट ही संस्था निघाली होती. सॅम पित्रोदा यांचे नाव तेव्हा घरोघरी झाले. तिने खेड्यांसाठी १२८ लाइनींचे छोटे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज तयार केले. १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला ते पहिल्यांदा बसले. वातानुकूलित खोली नको, धूळ-उन्हाळ्यात चालते, हे ऐकून मामाचा विश्वास बसेना. असे एक्स्चेंज जवळच्या खेड्यात आले तेव्हा तो सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने ते पाहून आला. कपाटाएवढे यंत्र, आवाज नाही. "आत कोणी आहे की नाही तेच कळत नाही गं," तो म्हणाला. त्याच सुमारास पिवळ्या पाट्यांची एस.टी.डी. बूथे चौकाचौकांत निघाली, आणि तालुक्याच्या गावाहून मुंबईला बोलायला मामासारख्या कोणाची गरज उरली नाही.

तो १९९४ च्या जूनअखेर निवृत्त झाला, अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली म्हणून. निवृत्तीचे वय साठ झाले ते पुढे १९९८ मध्ये. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांच्याशी देशातला पहिला मोबाईल फोन केला, तेव्हा मामा घरी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. २००० च्या ऑक्टोबरात खात्याचे बी.एस.एन.एल. झाले. पेन्शन येत राहिली. मुलाने त्याला मोबाईल घेऊन दिला, पण तो त्यावर मोठ्याने ओरडून बोलत नसे, ही त्याची खूण. आयुष्यभर दुसऱ्यांचे ओरडणे ऐकलेला माणूस! आणि समोर कोणी फोनवर बोलू लागले की तो उठून बाहेर जाई. ओसरीवर, अंगणात, नाहीतर रस्त्यावर. लग्नाच्या मांडवातसुद्धा. नातसुनेला तो राग वाटे. तिला मी कारण सांगितले.

आई २००३ साली गेली. शेवटच्या आजारपणात मामा रोज येऊन तिच्या उशाशी बसे. काय बोलत ते मी ऐकले नाही, चहा ठेवून मी बाहेर येत असे. तो स्वतः २०११ मध्ये गेला. तार बंद झाली १५ जुलै २०१३ ला, ती त्याला पाहावी लागली नाही. जानेवारी २०२० च्या अखेरीस बी.एस.एन.एल.च्या ७८ हजारांवर कर्मचाऱ्यांनी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांत मामाने शिकवलेली दोन पोरे होती. पोरे कसली, त्यांचीही पन्नाशी उलटलेली. त्यांतला एक मला बाजारात भेटला. म्हणाला, "बाई, तुमच्या मामांनी मला पहिल्या दिवशी एकच शिकवलं. हेडफोन कानाला लावायच्या आधी तोंड बंद करायचं." त्याला पेढीची गोष्ट ठाऊक नव्हती. मी सांगितली नाही. त्याने पिशवीतून दोन पेरू काढून मला दिले आणि गुडघेदुखीवर कोणता डॉक्टर चांगला ते विचारू लागला.